बगलफूट

तिसऱ्या कुंडीतल्या टोमॅटोचं एक पान मला त्या सोमवारी सकाळी आवडलं नाही. तसं त्याला काही झालं नव्हतं. हिरवंच होतं, पण एकसारखं हिरवं नव्हतं. कुठे गडद, कुठे फिकट, रंगाऱ्यानं दुसरा हात मारायचा राहून गेल्यासारखं. मी चष्मा पुसला आणि पान बोटांत धरून उजेडाकडे केलं. शेंड्याची कोवळी पानं अरुंद होऊन आवळली होती. तीस वर्षं मी सलून चालवतोय. कोणाच्या डोक्यात खवडा आहे, कोणाचे केस काळजीनं गळतात आणि कोणाचे तापानंतर, हे मला गिऱ्हाईक खुर्चीत टेकायच्या आधी कळतं. हा उन्हाचा चटका नव्हे, पाण्याची कमतरता नव्हे, हा रोग आहे, हे मला कळलं, आणि त्याच क्षणी, पान अजून बोटांत असताना, हेही ठरून गेलं की हा रोग त्यानं आणला.

तो म्हणजे माझा जावई. लिफ्ट दुरुस्त करतो. जावयाला दहावा ग्रह म्हणतात. माझ्या घरात तो शिडी आणि हत्यारांची पेटी घेऊन आला. त्यांची भाड्याची इमारत पाडायला काढली, तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, दोन महिने." दोन महिन्यांचं वर्ष झालं. मी त्याला अहो-जाहो करतो, कडक इस्त्रीचं. तो जिना चढून आला की दारातच बूट काढतो, खाली मान घालून आत जातो, आणि नेमकी ती मान मला दिसते. मानेवरची केसांची रेघ डावीकडे उतरती. उतरती म्हणजे किती, तर नवशिक्यानंही लाजावं इतकी. कानामागे एक बट तशीच सोडलेली. माझं दुकान घरापासून चार मिनिटांवर आहे, खुर्च्या तीन आहेत, आणि हा वर्षभरात एकदाही माझ्या खुर्चीत बसलेला नाही. पहिल्या महिन्यात मी म्हणालो होतो, "या की दुकानात, घरचंच आहे." तो म्हणाला, "येतो, येतो बाबा." आला नाही. समोरच्या रस्त्यावर काचेच्या दाराचं एक नवं सलून निघालंय, आत गाणी लावून केस कापतात. तिथेच जात असणार. सलूनवाल्याचा जावई दुसऱ्याच्या खुर्चीत! गिऱ्हाइकं विचारतात, "जावई दिसत नाहीत दुकानात?" मी कैची जरा जोरात वाजवतो. केस नसलेल्या जागी वाजवलेली कैची म्हणजे शिवीच असते, पण ती फक्त आम्हाला कळते.

मुलीनं मला बजावून ठेवलं होतं. महिन्यापूर्वी मी त्याच्या बुटांवरून बोललो, त्याआधी आंघोळीला लागणाऱ्या वेळावरून, त्याच्याही आधी तो ताटात भाजी ठेवून उठतो त्यावरून. ती भांडी घासत होती, पाठ न वळवता म्हणाली, "आणखी एकदा तुम्ही त्याला टाकून बोललात ना बाबा, तर आम्ही जाऊ. मिळेल तिथे जाऊ." तिची आईही अशीच पाठ न वळवता बोलायची. तिची आई तीन वर्षांपूर्वी बहिणीकडे राहायला गेली. भांडून नाही, न भांडताच. बॅग भरताना तिला विचारलं, काय कमी होतं? ती म्हणाली, "तुमचा हात थांबत नाही हो. पदर नीट करता, पडदा नीट करता, मी बोलत असते तर माझं वाक्य नीट करता. मला जरा विस्कटलेलं राहायचंय." मी तिच्या बॅगेची चेन बंद करून दिली, कारण ती वाकडी लागली होती. म्हणजे घरात आता मुलगी एवढीच राहिली आहे, आणि ती गेली की रात्री कुलूप आतून लावायचं आणि सकाळी आतूनच काढायचं, इतकंच उरेल. हे मला पक्कं माहीत होतं. माहीत असून माणूस गप्प बसतो असं थोडंच आहे.

गच्चीवर माझ्या नऊ कुंड्या आहेत, कठड्याला समांतर, एका सुतात. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी मी वर जातो. हातात दुकानातून निवृत्त झालेली जुनी कैची. टोमॅटोचं झाड मोकळं सोडलं की माजतं. पान आणि खोड यांच्या काखेतून एक कोंब फुटतो, त्याला बगलफूट म्हणतात. तो वेळीच खुडला नाही तर तो स्वतःला खोडच समजायला लागतो, झाडाचं सगळं बळ खातो, आणि फळाच्या नावानं ठणठणाट. म्हणून पहिल्या कुंडीपासून नवव्यापर्यंत मी रोज एक फेरी मारतो. कच, कच, कच. बोटांना हिरवट पिवळा डाग पडतो आणि त्याचा उग्र वास दुपारपर्यंत साबणाला दाद देत नाही. सगळ्या दिवसातला हा अर्धा तास माझा. दुकानात माणसं बोलतात, हलतात, आरशात बघून तोंड वाकडं करतात. झाडं मुकाट उभी राहतात. तिथे मला कोणी सांगत नाही की हात थांबवा.

दहावं झाड माझं नाही. रोपं लावली तेव्हा एक मानेतून वाकलेलं निघालं, ते मी उपटून कोपऱ्यात फेकलं. संध्याकाळी बघतो तर जावयानं ते रंगाच्या रिकाम्या मोठ्या डब्यात लावलेलं, पाण्याच्या टाकीपलीकडे, लिफ्टच्या मशीनच्या खोलीजवळ. "जगेल हो, बाबा," म्हणाला. मी म्हणालो, "तुमचं तुम्ही बघा. मी त्याला बोट लावणार नाही." आणि नाहीच लावलं. ते तिकडे जंगली वाढलं, आडवंतिडवं, दहा बगलफुटी घेऊन. टाकीमागे जायचंही मी सोडून दिलं. बघितलं की हात शिवशिवायचे, आणि त्याच्या झाडासाठी माझे हात शिवशिवावेत, हेच मला नको होतं.

त्या सोमवारी दुकानाला सुट्टी होती, म्हणून मी पान पिशवीत घालून रोपवाटिकेत गेलो. रोपवाला झारीनं पाणी घालत होता. त्यानं पान दोन्हीकडून बघितलं, मान हलवली. "काका, हा विषाणू आहे. याला औषध नाही. झाड उपटा, लांब टाका. घरात कोणी सिगरेट ओढतं का?" माझे कान उभे राहिले. "का?" "तंबाखूवरचाच रोग हा. ओढणाऱ्याच्या हाताला असतो, तो हात झाडाला लागला की संपलं." मला आनंद झाला. लपवून काय करू, उपटून टाका म्हणाला ते मागे पडलं आणि मला सरळसरळ आनंद झाला, हरवलेली वस्तू नेमकी संशय होता त्याच्याच खिशात सापडल्यावर होतो तसा. हातच्या काकणाला आरसा कशाला! जावई रोज संध्याकाळी गच्चीवर कठड्याशी उभा राहून दोन सिगरेटी ओढतो. रोपवाला आणखी काहीतरी सांगत होता, झारी खाली ठेवून बोटांनी काहीतरी करून दाखवत होता. पण मी तोवर फाटकाबाहेर पडलो होतो. मला हवं होतं तेवढं मिळालं होतं.

तरी मी लगेच बोललो नाही. मुलीचं बजावणं डोक्यात होतं, आणि शिवाय पुरावा जमवण्यात एक सुख असतं. तिसरं झाड मी उपटलं, पण डोळ्यांत तेल घालून बाकीची बघत राहिलो. आठवड्यानं चौथं धरलं. मग पाचवं. मग सहावं. ओळीनं, शिस्तीत, एकही न गाळता. जावई कठड्याकडे जातो ती वाटही तीच, तिसरीपासून सहावीपर्यंत. दाराच्या फटीतून मी त्याला बघायचो. एकदा त्यानं धूर सोडत पाचव्या झाडाचं पान उलटून बघितलं, मला वाटलं छातीवर कोणी बोट ठेवलं. ओरडलो नाही. सकाळी जाऊन सगळ्यांच्या बगलफुटी काढल्या, दुप्पट काळजीनं, आजारी पानं खुडली, मग निरोगी झाडांना जरा हवा लागावी म्हणून त्यांचीही खालची पानं काढली. दुकानात त्या दिवसांत मी सगळ्यांशी तुसड्यासारखा वागलो. एक कारागीर एका डोक्यावरून उठलेली कैची तशीच दुसऱ्या डोक्याला लावायला निघाला, तेव्हा मी गिऱ्हाइकासमोर त्याचं मनगट धरलं. "औषधात कोण बुडवणार, तुझा बाप?" आमच्याकडे जंतुनाशकाची बरणी प्रत्येक आरशाखाली असते. एक डोकं, एक बुडवणी. तीस वर्षांत हा नियम मोडलेला नाही. या एका नियमावर माझं दुकान उभं आहे, असं मी त्याला सुनावलं. तो चांगला वयानं मोठा माणूस, दोन मुलांचा बाप, खाली बघत राहिला. लोक किती सहज रोग पसरवतात, असं म्हणत मी ती कैची स्वतः बरणीत बुडवली.

आठवं झाड गेलं त्या संध्याकाळी आम्ही तिघं जेवत होतो. जावयाचे हात स्वच्छ होते, पण नखांच्या कडेला ग्रीस असतंच. ते हात पोळीचा तुकडा मोडत होते आणि मला दुसरं काही दिसत नव्हतं. मी म्हणालो, "उद्यापासून तुम्ही गच्चीवर जाऊ नका." तो म्हणाला, "का हो, बाबा?" अगदी साध्या आवाजात. मी सांगितलं: तंबाखू, विषाणू, हात. सगळं सांगितलं, तज्ज्ञाच्या थाटात. तो ऐकत होता. म्हणाला, "मला माहीत नव्हतं. मी हात धुऊन जात जाईन." तिथे थांबलो असतो तर! त्यानं वाद घातला असता तरी बरं झालं असतं, निदान कशालातरी अडलो असतो. त्याच्या त्या मवाळपणानं माझं डोकं आणखी फिरलं. मी म्हणालो, "धुऊन काय होतंय? तुमचा हात लागेल ते जळतंय. या घरात आल्यापासून बघतोय मी, एक गोष्ट धरत नाही."

नळ ठिबकत होता. चार महिन्यांपूर्वी मुलीला दिवस गेले होते, आणि तिसरा महिना लागता लागता सगळं आटोपलं होतं. दवाखान्याच्या जिन्यावरून तिला आणताना जावई तिच्यापुढे एक एक पायरी उलटा उतरत होता, ती पडली तर अंगावर झेलायला. मी मागून पिशवी घेऊन उतरत होतो. बोललो तेव्हा माझ्या मनात ते नव्हतं, असं मी स्वतःला सांगतो. रोज सांगतो. पण शब्द जिभेवर आला तेव्हा त्याला धार होती, आणि धार कशाला आहे हे धार लावणाऱ्याला कळत नाही, असं होत नाही. जावई उठला, ताट घेऊन मोरीत गेला. ताटात भाजी तशीच होती. मुलगी बसून राहिली, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "झालं समाधान?" मी म्हणालो, "मी टोमॅटोबद्दल बोलत होतो." ती म्हणाली, "हो. तुम्ही नेहमी टोमॅटोबद्दलच बोलत असता."

पुढचे तीन दिवस घरात खोकी बांधली जात होती. त्यांना एक खोली मिळाली होती, लांब, बसनं दीड तासावर. मी दुकानातून उशिरा यायचो. बुधवारी आलो तेव्हा ती एकटी होती, कपाटातले तिचे कपडे घडी करत होती. घड्या नीट पडत नव्हत्या. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. काहीतरी बोलायचं म्हणून मी बोललो, ते नेमकं चुकीचं. "जा. तिकडे त्याला त्या काचेच्या सलूनवाल्याची आठवण येईल." ती थांबली. "कोणतं सलून?" "केस कापायला जातो ते. मला काय कळत नाही?" ती हसली. त्या हसण्यात जराही हसू नव्हतं. "तो कुठे जात नाही, बाबा. स्वतः कापतो. वर लिफ्टच्या खोलीत, फुटक्या आरशात, मशीननं. मागचं दिसत नाही म्हणून वाकडं होतं." मी म्हणालो, "का पण? माझं दुकान असताना?" "कारण त्याला भीती वाटते तुमची. तुमच्या हातात वस्तरा आणि आपण मान खाली घालून बसायचं, एवढा धीर नाही होत त्याचा. मला लग्नाआधीच म्हणाला होता, तुझ्या वडिलांचा हात फार चांगला आहे गं, पण मला त्या हाताची भीती वाटते." तिनं हातातला कुर्ता तसाच चुरगळून खोक्यात टाकला. मी खुर्ची ओढून बसलो. तीस वर्षांत हजारो लोकांनी माझ्यापुढे गळा उघडा केला. डोळे मिटून केला, काहींनी घोरतसुद्धा. आणि घरातला एक माणूस वर्षभर फुटक्या आरशापुढे मान तिरकी करून उभा होता. मला वाईट वाटायला हवं होतं. मला राग आला. भित्रा, असं मनात म्हणालो, दोनतीनदा म्हणालो, आणि तरी खुर्चीतून उठवेना.

शुक्रवारी सकाळी खाली टेम्पो लागला. सामान उतरवताना मध्ये यायला नको म्हणून मी कैची घेऊन गच्चीवर गेलो. माझ्या ओळीत आता पहिली, दुसरी आणि नववी एवढ्याच कुंड्यांत झाडं उरली होती. मी सवयीनं पहिल्यापासून सुरुवात केली. कच. दुसऱ्या झाडाशी वाकलो तर शेंड्याची पानं आवळलेली, आणि पहिल्याकडे वळून बघतो तर तिथेही तोच कबरा रंग. हा कोपरा जिन्याच्या दाराआड आहे. इकडे जावई कधीच येत नाही. मी उभा राहिलो. मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, मी टाकीच्या पलीकडे गेलो.

रंगाच्या डब्यातलं झाड कठड्यावर रेलून वाढलं होतं. मानेतलं वाकण तसंच होतं. तिथून ते वळसा घेऊन वर चढलं होतं, सुतळीनं कशालातरी बांधलेलं, विस्कटलेलं, अस्ताव्यस्त. आणि गर्द हिरवं. प्रत्येक पान एकाच रंगाचं. मी खाली बसून एक एक बघितलं, न शिवता, ज्याच्या डोक्यात काही सापडावंच असं वाटतं त्याचं डोकं बघावं तसं. काही सापडलं नाही. टोमॅटो होते, नऊ की दहा, तीन पिकायला आलेले. डब्यातल्या मातीत सिगरेटची थोटकं खोचलेली होती, आठ-दहा, काही पावसानं फुटून तंबाखू मातीत मिसळलेला. रोज याच्याशी तो त्याच हातांनी बोलला असणार. सुतळी बांधली, पानं उलटली, फळं चाचपली. जगात टोमॅटोच्या एखाद्या झाडाला तंबाखूचा हात लागला असेल तर याला. आणि याला काही झालेलं नव्हतं. बाकीच्या नवांना जे लागलं आणि याला लागलं नाही, असं गच्चीवर काय होतं? ते माझ्या उजव्या हातात होतं. अंगठ्याच्या भोकात माझा अंगठा होता, पात्याला पहिल्या झाडाचा रस अजून ओला होता. रोपवाल्याची बोटं मला आता दिसली. झारी खाली ठेवून दोन बोटांची उघडझाप करत तो काय सांगत होता, ते आता ऐकू आलं. कैची, काका. दर झाडाला कैची धुवा. एकाचं दुसऱ्याला तीच पोचवते. तिसरं, चौथं, पाचवं, सहावं. ओळीनं, शिस्तीत, एकही न गाळता. तिसऱ्याला मुळात कुठून आलं ते मला आजही माहीत नाही. तिथून पुढे घरोघर निमंत्रण मी दिलं, रोज सकाळी, दुप्पट काळजीनं. दुकानात परक्यांच्या डोक्यांसाठी बरणी, आणि घरच्यांसाठी? घरच्यांना कशाला, असं वाटलंसुद्धा नव्हतं. घरचे म्हणजे आपलेच.

मागे पावलं वाजली. जावई आला होता. मला तिथे बघून थबकला, जणू तोच चोर. "हे न्यायचं राहिलं होतं," तो म्हणाला. "नेऊ ना, बाबा?" मी मान हलवली. त्यानं डब्याची एक कड धरून उचलून पाहिली. माती ओली होती, डबा हलला पण उचलला नाही. मग तो माझ्याकडे वळला. वर्षभरात त्यानं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. "जरा एका बाजूनं धरता का? लिफ्टपर्यंतच."

माझे हात पुढे गेले. खरंच गेले. मग मला बोटांवरचा डाग दिसला, हिरवट पिवळा, आत्ताच्या रसाचा. आजारी झाडाचा. डब्याच्या कडेवर एक फांदी लोंबत होती, धरताना तिला बोट लागल्यावाचून राहिलं नसतं. मी हात मागे घेतले आणि पाठीशी बांधले. "तुम्हीच न्या," मी म्हणालो. आवाज कोरडा निघाला, माझा नेहमीचा. थांबा, हात धुऊन येतो; एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की पुढचंही सगळं म्हणावं लागलं असतं, जेवणाच्या ताटापर्यंत, आणि त्याच्याही मागे, त्या जिन्यापर्यंत. मुलगी दारात उभी होती. ती कधी आली ते कळलं नाही. तिनं माझे पाठीमागे बांधलेले हात बघितले, त्यातली कैची बघितली. "एवढंसुद्धा नाही, बाबा?" ती म्हणाली. मग तिनं पदर खोचला आणि दुसरी बाजू तिनं धरली.

दोघं वाकली. त्याची मान माझ्यासमोर आली, तिरक्या रेघेची, कानामागच्या बटेसकट. झाड त्यांच्या दोघांच्या मध्ये डोलत गेलं, एक टोमॅटो जिन्याच्या दाराला घासला, ती म्हणाली, "सांभाळ," तो म्हणाला, "आहे गं." लिफ्टचं दार ओढल्याचा आवाज आला. मी हात पाठीशीच धरून तिथे उभा होतो आणि मनात ते वाक्य म्हणत होतो, थांबा, हात धुऊन येतो, थांबा. लिफ्ट खाली गेली तेव्हा कसलाच आवाज झाला नाही. वर्षभर ती प्रत्येक मजल्यावर किंचाळायची. त्यानं गेल्याच आठवड्यात, सुट्टीच्या दिवशी, ती दुरुस्त केली होती.